आधी पाणी, मग विहार : बँकॉकमधला एकटीचा पहिला दिवस



आपल्या वस्त्यांमधली माणसं आता परदेश बघायला निघू लागली आहेत. कुणी भिशीचे पैसे जमवून जातं, कुणाला नोकरीला लागलेला मुलगा तिकीट काढून देतो, कुणी निवृत्तीच्या पैशातून चार दिवस बाजूला काढतं. जिथे धम्म गल्लीगल्लीत दिसतो असा देश एकदा डोळ्यांनी बघावा, ही इच्छा त्यामागे असते. त्यात थायलंड जवळचं. मुंबईहून विमानात बसलं की साडेचार तासांच्या आसपास बँकॉक. जाणाऱ्यांपैकी बरेच जण निघण्याआधी मला गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सिस्टर, कुठल्या गोळ्या सोबत नेऊ?"

गोळ्यांचं पुढे सांगते. पण गोळ्यांच्या आधी एक गोष्ट आहे, आणि ती मला स्वतःला उशिरा कळली. चौदा वर्षं वॉर्डात काम केलेल्या बाईला कळायला नको होती का? हवी होती. म्हणून माझ्या फजितीपासूनच सुरुवात करते.

मी काय चूक केली

आरोग्याच्या कामातल्या एका कार्यशाळेसाठी मी बँकॉकला गेले होते. मार्च महिना होता. कार्यशाळा दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे पहिला अख्खा दिवस माझा एकटीचा. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी परदेशात होते. सोबत नवरा नाही, मुलं नाहीत, मोर्चातल्या बायाही नाहीत.

विमान रात्रीचं होतं. मला जागा मिळाली खिडकीची. लघवीला जायचं तर झोपलेल्या दोन माणसांना उठवावं लागणार, म्हणून मी पाणीच घेतलं नाही. पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरले. नाव वाचूनच अंगावर काटा आला. सम्राट अशोकाच्या काळात तिसऱ्या संगीतीनंतर सोण आणि उत्तर हे थेर धम्म घेऊन सुवर्णभूमीला गेले, हे आपण विहारात ऐकलेलं असतं. पासपोर्टच्या रांगेत तासभर गेला. तिथेही पाणी नाही, कारण रांग सोडून जायचं कसं?

विमानतळातूनच शहरात जाणारी रेल्वे निघते. तिने फाया थाई स्टेशनपर्यंत आले, तिथून वरच्या पुलावरून धावणाऱ्या स्कायट्रेनने साला देंगला उतरले. लॉज तिथून जवळच होता. खोली दुपारी दोननंतर मिळणार म्हणून सांगितलं. बॅग त्यांच्याकडे ठेवली, अर्धा कप चहा घेतला आणि "झोपायला काय आले का इथे?" असं म्हणत निघाले. भुयारी मेट्रोने सनाम चाय स्टेशन गाठलं. तिथून वाट फो पायी पाच-सात मिनिटांवर. 'वाट' म्हणजे विहार.

वाट फोमध्ये पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. सेहेचाळीस मीटर लांब, पंधरा मीटर उंच, सोनेरी. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती बघितलेल्या माणसाचेही डोळे विस्फारतात. तळपायांवर शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं कोरून बसवलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागून जाताना भिंतीलगत १०८ भांडी मांडलेली आहेत. लोक त्यात एकेक नाणं टाकत पुढे जातात. तो टिणटिण आवाज मला अजून आठवतो, कारण त्याच आवाजात माझ्या कानात वेगळाच घूं आवाज सुरू झाला.

बाहेर पटांगणात आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. चपला हातात, पायाखाली तापलेली फरशी. डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला कोरड पडली, मळमळू लागलं. ओवरीत बसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगेपुढे मी भिंतीला धरून खाली बसले. आवारात झाडलोट करणारी एक बाई धावत आली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने मला सावलीत आडवं केलं, ओलं फडकं मानेवर ठेवलं, पाण्याची बाटली तोंडाजवळ धरली. एक घोट, थांब, पुन्हा एक घोट. अगदी मी माझ्या पेशंटला देते तसं. पंधरा-वीस मिनिटांनी मला जरा बरं वाटलं, तेव्हा तिने बोटाने एक दार दाखवलं आणि म्हणाली, "हाँग नाम".

आत गेले. लघवी झाली ती गडद, कडक चहासारखी आणि जळजळ करणारी. आदल्या रात्री आठपासून जेमतेम अर्धा कप चहा पोटात गेला होता. चौदा तास! आणि मी नर्स!

ही तहान कुठून आली

त्या दारातून बाहेर येताना मला हसूही आलं आणि रडूही. मी पाणी का प्यायले नव्हते? पाणी नव्हतं म्हणून नव्हे. बँकॉकमध्ये पावलोपावली दुकानात दहा बाटच्या आसपास पाण्याची बाटली मिळते. एक बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. मी प्यायले नाही, कारण "लघवीला लागली तर जायचं कुठे?" हा हिशेब माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेला आहे.

माझं बालपण वस्तीतलं. सार्वजनिक संडास लांब, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही. आई सांगायची, संध्याकाळनंतर पाणी पिऊ नको. शाळेत मुलींची मुतारी बंद, म्हणून डबा खाल्ल्यावर दोनच घोट. मोर्चाला निघाल्यावर तर दिवसभर नाही. आयाबहिणींनो, तुम्हाला हे नवं नाही. भाजी विकणारी, धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, सगळ्यांनी आपापल्या शरीराला हेच शिकवलेलं आहे. सवय इतकी मुरते की परदेशात, चांगल्या सोयी असताना, हातात पैसे असतानाही ती आपल्यासोबत विमानात बसते.

माझी ही फजिती झाली ती महाडच्या क्रांतिदिनाच्या आठवडाभर आधी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपल्याला माणूस म्हणून पाणी पिता यावं म्हणून. आणि त्यांची लेक भर मार्चमध्ये, बुद्धाच्या दारात, पाण्यावाचून भोवळ येऊन पडते! ही लाज मी लपवून ठेवली असती. पण ती माझ्या एकटीची नाही, म्हणून इथे लिहिते.

शरीरात नेमकं काय होतं

उष्णतेत शरीर स्वतःला घामाने थंड करतं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपूरचं ऊन कोरडं असतं, तिथे घाम पटकन उडतो. बँकॉक नदीकाठचं, समुद्राजवळचं शहर आहे. हवा दमट. तिथे घाम अंगावरून नुसता ओघळतो, वाळत नाही. म्हणजे पाणी आणि मीठ तर जातं, पण अंग हवं तितकं थंड होत नाही. म्हणून "आम्ही चव्वेचाळीस डिग्रीत राहतो, आम्हाला काय होतंय?" असं विदर्भातल्या माणसानेही म्हणू नये. मुंबईकरांना दमटपणाची सवय असते, पण रात्रभर जागून भर दुपारी चार तास चालायची नसते. विमानातली हवाही फार कोरडी असते. नाक-घसा सुकतो आणि आपण उतरतो तेच थोडे सुकलेले.

पाणी कमी पडलं की रक्ताचं प्रमाण घटतं. उभं राहिल्यावर मेंदूपर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणून अंधारी येते. मूत्रपिंडं उरलेलं पाणी धरून ठेवतात, म्हणून लघवी थोडी आणि गडद होते. बायकांना आणखी एक त्रास. आपला मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. लघवी वेळेवर झाली तर ते धुऊन जातात. धरून ठेवली तर तिथेच वाढतात. मग जळजळ, थेंबथेंब लघवी, ओटीपोटात दुखणं. थंडी वाजून ताप आला आणि पाठीत दुखू लागलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. वर्षानुवर्षं पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखड्याचा त्रासही जास्त होतो.

यावर सोपी तपासणी तुमच्या हातात आहे. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. चहासारखा झाला तर फिरणं थांबवा, सावलीत बसा, घोट घोट पाणी आणि ओआरएस घ्या. (काही जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते, ते वेगळं.) सहा-आठ तास लघवीच झाली नसेल तर तो इशारा समजा.

बँकॉकमध्ये पाणी आणि 'पाण्याची खोली'

थाई भाषेत पाण्याला 'नाम' म्हणतात आणि खोलीला 'हाँग'. संडास-बाथरूमला शब्द आहे 'हाँग नाम', म्हणजे पाण्याची खोली. कुठे आहे असं विचारायचं तर "हाँग नाम यू थी नाय?" साधं पिण्याचं पाणी हवं तर "नाम प्लाओ". जाण्याआधी हे तीन शब्द पाठ करा. बाकीचे नाही आले तरी चालतील.

मोठ्या मॉलमध्ये, विमानतळावर, पेट्रोल पंपावर आणि बहुतेक मोठ्या विहारांमध्ये स्वच्छतागृह असतं. काही ठिकाणी तीन-पाच बाट घेतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी धुण्यासाठी पाण्याचा फवारा असतो, त्यामुळे कागदाची काळजी नको. स्कायट्रेनच्या सगळ्या स्टेशनांवर मात्र प्रवाशांसाठी उघडं स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. म्हणून जिथे दिसेल तिथे जाऊन या, "लागल्यावर बघू" म्हणू नका.

नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं प्या. विमानतळाच्या तपासणीतून भरलेली बाटली जाऊ देत नाहीत, पण रिकामी जाते. घरची स्टीलची बाटली रिकामी न्या आणि तपासणीनंतर आत भरून घ्या. विमानात मधल्या वाटेच्या बाजूची जागा मागा. कुणाला न उठवता जाता येतं आणि तासाभराने उठून दोन पावलं चालताही येतं. एका जागी बसून पायातलं रक्त गोठू नये म्हणून ते चालणं गरजेचं आहे.

उन्हात फिरताना अर्ध्या तासाने पाच-सहा घोट, हा हिशेब सोपा पडतो. एकदम लिटरभर पाणी ढोसू नका. घाम खूप गेला असेल तर ओआरएस घ्या, कारण पाण्यासोबत मीठही गेलेलं असतं. आपल्याकडचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. तिकडे घेतलंत तर पाकीट लहान असू शकतं. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारून जावं.

रस्त्यावर गोड थंड चहा, सरबतं खूप मिळतात आणि त्यात साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर "माय साय नाम-तान" म्हणा, म्हणजे साखर घालू नका. नळीसारखा, मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो, तो सहसा ठीक. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळा. जेवण गरम, समोर शिजवलेलं, गर्दीच्या गाडीवरचं घ्या. पहिल्याच दिवशी चार नवे पदार्थ आणि तिखट सॅलड एकत्र नको. पोटालाही नवं शहर ओळखायला एक दिवस द्या.

अनवाणी पाय

विहारात चपला काढाव्या लागतात, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. ते योग्यच. पण दुपारची फरशी तव्यासारखी तापते. ज्यांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. चटका बसतो, पण कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो, आठवड्यात जखम होते, आणि पुढे काय होतं ते मी वॉर्डात बघितलेलं आहे. बोट जातं, कधी पाऊल जातं.

म्हणून जाड सुती मोजे पिशवीत ठेवा आणि चपला काढल्या की ते घाला. विहारं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बघा, किंवा ऊन उतरल्यावर. रात्री खोलीवर आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात बघा, वाकता येत नसेल तर छोट्या आरशात बघा. फोड आला तर फोडू नका. नवी चप्पल घालून परदेशी जाऊ नका, महिनाभर पायाला बसलेली घाला.

दवाखाना झालेला विहार

संध्याकाळी थोडी सावरले तेव्हा मला कळलं की मी पडले ती जागा साधी नव्हती. वाट फोच्या भिंतींवर आणि मंडपांवर सुमारे चौदाशे शिलालेख आहेत. १८३१ ते १८४१ या काळात तिसऱ्या रामा राजाने ते कोरून घेतले. त्यात औषधं, आजार, मालिश, शरीरातल्या नसा यांची माहिती आहे. आवारात आसनं करणाऱ्या ऋषींचे पुतळे आहेत, त्या काळातला व्यायामाचा तक्ताच. युनेस्कोने या शिलालेखांना जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवलं आहे. त्यातली सगळीच औषधं आज चालतील असं नाही, ती त्या काळातली समज आहे. पण विचार करा, त्याच काळात आपल्याकडे आपल्या पूर्वजांच्या कानावर ज्ञानाचा शब्द पडू देत नव्हते, आणि तिथे आरोग्याचं ज्ञान विहाराच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं.

थाई मालिश करणारे आजही जीवकाला वंदन करतात. जीवक म्हणजे तथागतांचा वैद्य. विनयातली गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जुलाबाने बेजार होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतलं, आणि माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा, असं संघाला सांगितलं. त्या झाडलोट करणाऱ्या बाईने माझ्यासाठी तेच केलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मालिश करून घ्यायची असेल तर पहिल्या दिवशी हलकी, पायाचीच घ्या. गरोदर बायका, एका पोटरीला अचानक सूज-दुखणं आलेले, पायाची संवेदना गेलेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांनी जोरकस मालिश घेऊ नये.

सिकलसेल असेल तर

हा मुद्दा खास आपल्यासाठी. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम, प्राणवायू कमी होणं या सगळ्याने वेदना उठू शकतात. पहिल्या दिवशी हे चारही एकत्र येतात. विमानात प्राणवायू जमिनीपेक्षा थोडा कमी असतो, एसी गार असतो, बाहेर ऊन, आणि पाणी आपण प्यायलेलं नसतं. बँकॉकची मेट्रो आणि मॉल इतके थंड असतात की घामाने भिजलेल्या अंगाला हुडहुडी भरते. म्हणून रुग्णांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. शाल सोबत ठेवावी, नेहमीची औषधं चुकवू नयेत. वाहकांना सहसा त्रास होत नाही, पण पाण्याची हयगय त्यांनीही करू नये. थायलंडमध्येही थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे आणि तिथे गरोदरपणात त्याची तपासणी करतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आता गोळ्यांचं

रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ती बॅग हरवली तर गोळ्याही गेल्या. इन्सुलिन तर हातातच, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव. झोपेच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांवर तिकडे कायद्याची बंधनं आहेत, त्या नेण्याआधी नीट चौकशी करा. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी तिथल्या सकाळी घेतली तरी फारसा फरक पडत नाही. पण रक्तदाबासाठी 'लघवी होण्याची गोळी' चालू असेल तर उन्हात ती अंगातलं पाणी आणखी कमी करते. ती कशी घ्यायची हे निघण्याआधी विचारा, मनाने बंद करू नका.

डेंग्यू तिथेही आहे आणि तो डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम वापरा. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला प्रवास केल्याचं सांगा. पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

कुत्रं, मांजर, माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. माझ्या लॉजपासून पायी अंतरावर थाई रेडक्रॉसची क्वीन सावभा संस्था आहे. लोक तिथे सापांची बाग बघायला जातात, मी दाराशी उभी राहून हात जोडले. रेबीजची लस कातडीत थोडी थोडी, दोन जागी टोचायची पद्धत थाई रेडक्रॉसची. तिच्यात लस कमी लागते, म्हणून गरिबाला परवडते. आपल्या सरकारी दवाखान्यात ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांवर जी टोचतात ती हीच. मी शेकडो मुलांना टोचली आहे.

एकटं असताना

खिशात एक कागद ठेवा. नाव, रक्तगट, आजार, चालू औषधं, घरचा फोन नंबर, आणि लॉजचा थाई लिपीतला पत्ता. भोवळ आलेल्या माणसाच्या वतीने तो कागद बोलतो. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. घरच्यांना सकाळी, दुपारी, रात्री एकेक निरोप पाठवा. राजवाड्याजवळ कुणी "आज विहार बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणालं तर मान हलवून पुढे चला. दुचाकी टॅक्सीवर हेल्मेटशिवाय बसू नका.

प्रवासाचा विमा नक्की काढा आणि त्यात जुने आजार लपवू नका. थायलंडने २००१-०२ पासून आपल्या सगळ्या नागरिकांना जवळजवळ मोफत उपचार दिले, 'तीस बाटची योजना' म्हणून ती जगभर ओळखली जाते. दहा लाखांहून अधिक आरोग्य स्वयंसेवक आपल्या आशाताईंसारखे घरोघरी जातात. पण परदेशी पाहुण्याला ती योजना लागू नाही. त्याला बिल भरावं लागतं.

उन्हाने कुणी बडबडू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. लगेच १६६९. तोवर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग भिजवा, वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पहिला दिवस असा घालवा

- उतरल्यावर रांगेत लागण्याआधी पाणी आणि स्वच्छतागृह.
- खोली मिळाली नसेल तर थंड जागी बसून खा, पाय वर करून तासभर विसावा.
- अकरा ते चार उन्हात फिरू नका.
- एका दिवशी एकच मोठं ठिकाण.
- रात्री लघवीचा रंग आणि तळपाय, दोन्ही बघून झोपा.

त्या दिवशी दुपारी मी झोपले. संध्याकाळी लुम्फिनी उद्यानात गेले. तथागतांच्या जन्मस्थळाचं, लुंबिनीचं नाव त्याला दिलेलं आहे. शेकडो माणसं व्यायाम करत होती, तळ्याकाठून भलीमोठी घोरपड निवांत चालली होती. सहा वाजता राष्ट्रगीत लागलं आणि पळणारा प्रत्येक माणूस जागच्या जागी थांबला. मीही थांबले. हातात भरलेली बाटली होती. गीत संपल्यावर झाकण उघडून मी पोटभर पाणी प्यायले, आणि लघवीला कुठे जायचं याचा विचार केला नाही, कारण हाँग नामची पाटी समोरच दिसत होती.

परत आल्यावर आमच्या वस्तीत आम्ही बायांनी संडासांची यादी केली. किती चालू, किती बंद, कडी आहे का, दिवा आहे का. ती यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात तीनदा जाऊन आलो, चौथ्यांदा जाणार आहोत. तुमच्याही वस्तीत करा. तोवर घरातल्या मुलीला "पाणी पिऊ नको" असं सांगू नका. तिच्यासोबत दारापर्यंत जा.

नमो बुद्धाय! जयभीम!